योगा सुरू करायचाय? आधी जमिनीवर बसून बघा

आत्ता लगेच एक करून बघा. हॉलमध्ये फरशीवर मांडी घालून बसा आणि सोफ्याचा, भिंतीचा, स्वतःच्या हाताचा आधार न घेता उठा. जमलं तर छानच, नाही जमलं तरी लाजायचं काही कारण नाही कारण मलाही बेचाळिसाव्या वर्षी जमलं नव्हतं. गणपतीत आरती झाल्यावर सगळ्यांबरोबर पंगतीला खाली बसले आणि उठताना वहिनीने हात दिला तेव्हा उठले, आणि वहिनी माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी आहे! दुसऱ्याच दिवशी मी यूट्यूब लावून बारा सूर्यनमस्कार घातले, अगदी जोशात, आणि पुढचे तीन दिवस जिना उलटा उतरत होते. मग दीड महिना काहीच केलं नाही. तर हे सगळं मी केलेल्या चुका वजा करून लिहितेय असं समजा.

(आणि हो, 'योगा नाही हो, योग म्हणा' हे सांगणारे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात, त्यांचं बरोबरच आहे, पण घरात सगळे योगाच म्हणतात.)

पहिला खर्च शून्य रुपये. मॅट नंतर घ्या. घरात जाड सतरंजी असेल तर बसून आणि झोपून करायची सगळी आसनं तिच्यावर होतात. उभ्याने करायच्या आसनांना मात्र सतरंजी टाईल्सवर सरकते, तेव्हा ती बाजूला करून सरळ अनवाणी फरशीवर उभं राहायचं. मोजे घालून तर अजिबात नको. महिनाभर टिकलात की मग मॅट घ्या, साधारण ६ मिलिमीटर जाडीची, गुडघे टेकताना बरी पडते. कपडे सैल, पण टीशर्ट इतकाही सैल नको की खाली वाकलं की तोंडावर येतो.

पोट रिकामं हवं, यात सूट नाही. पोटभर जेवण झालं असेल तर तीन-चार तास जाऊ द्या, पोहे-उपमा असं हलकं काही असेल तर दोन तास. सकाळी उठल्या उठल्या चहा लागतोच अशी माणसं असतात (मी त्यातलीच), त्यांनी अर्धा कप घेऊन अर्धा तास थांबावं, आकाश कोसळत नाही. सकाळी अंग आखडलेलं असतं आणि संध्याकाळी मोकळं असतं, म्हणून संध्याकाळी वाकणं सोपं जातं, पण संध्याकाळी कुकर, मुलांचा अभ्यास, ऑफिसचा कॉल यातलं काहीतरी येतंच. तुमच्या घरात जी वीस मिनिटं कोणी तुम्हाला हाक मारणार नाही ती तुमची वेळ.

आता मुख्य मुद्दा. ताण आणि कळ यातला फरक ओळखायला शिका, पहिल्या महिन्यात एवढं एकच शिकलात तरी पुरे. मांडीच्या मागे ओढल्यासारखं वाटतं, पसरट वाटतं, श्वास सोडला की जरा सैल होतं, तो ताण, तो चालेल. एका जागी टोचतं, सुई गेल्यासारखं, किंवा मुंग्या येतात, किंवा सांध्यात दुखतं, ती कळ, तिथे लगेच बाहेर यायचं. गुडघ्याच्या बाबतीत तर जास्तच सांभाळा. मांडी घालताना किंवा पद्मासनात पाय वळतो तो खुब्यातून वळायला हवा, खुबा आखडलेला असेल आणि आपण पाय जबरदस्तीने ओढला तर तो सगळा पीळ गुडघ्यावर येतो. म्हणून पद्मासन पहिलं वर्षभर विसरा. साधी मांडी घाला आणि बुडाखाली उशी किंवा दोन घड्या केलेलं ब्लँकेट घ्या, कंबर उंच झाली की गुडघे आपोआप खाली येतात आणि पाठीला पोक येत नाही. करून बघा, फरक लगेच कळतो.

आधार घेणं म्हणजे फसवणूक असं खूप जणांना वाटतं. अहो, बी. के. एस. अय्यंगार, ज्यांनी १९७५ साली पुण्यात आपली योगसंस्था सुरू केली, त्यांच्या पद्धतीत खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे, लोड, भिंतीला दोर, असं सगळं सर्रास वापरतात. लहानपणी ते स्वतः खूप आजारी असायचे, मलेरिया, टायफॉइड, टीबी सगळं झालेलं, त्यामुळे न जमणारं शरीर म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. तेव्हा हात पायाला पोचत नसेल तर ओढणी तळव्याला अडकवा आणि तिची टोकं धरा, पट्टा विकत आणायची गरज नाही. योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींची आसनाची व्याख्या तरी काय आहे, 'स्थिरसुखमासनम्', स्थिर आणि सुखाचं. दात ओठ खाऊन केलेलं त्यात कुठे बसतं सांगा.

मी रोज काय करायचे ते सांगते, वीस मिनिटांचं आहे. आधी पाठीवर झोपायचं, दोन मिनिटं नुसता श्वास बघायचा, पोट वर येतंय खाली जातंय. मग एक गुडघा छातीशी, मग दुसरा, मग दोन्ही, पवनमुक्तासन (नावाप्रमाणे काम करतं, म्हणून पहिला महिना एकट्यानेच करा). त्यानंतर पाय दुमडून तळवे जमिनीवर आणि कंबर हळूच उचलायची, सेतुबंधासन, पाच श्वास, खाली, परत एकदा, यात मान इकडे तिकडे वळवायची नाही. मग कुशीवर वळून उठायचं, सरळ झटक्यात उठून बसायचं नाही, कंबरेला झटका बसतो आणि चक्करही येते. मग हात-गुडघ्यांवर येऊन मार्जारासन, म्हणजे मांजर, श्वास घेताना पाठ खाली श्वास सोडताना पाठ वर, आठ-दहा वेळा. ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांनी दुसरं काही नाही केलं तरी हे करा. पोटावर झोपून भुजंगासन, यात सगळे हातांनी ढकलून वर जातात आणि मग कंबर दुखली म्हणतात. हात टेकलेले ठेवा पण जोर पाठीचा वापरा, बेंबी जमिनीवरच राहते, वर थोडंसंच जाता येतं आणि तेवढंच बरोबर आहे.

मग उभं राहायचं. ताडासन बघायला इतकं सोपं वाटतं की लोक ते करतच नाहीत. दोन्ही पायांवर सारखं वजन घेऊन उभे राहा, मी बघितलं तर माझं सगळं वजन उजव्या पायावर, कारण वर्षानुवर्षं पर्स डाव्या खांद्यावर आणि लोकलमध्ये एका पायावर उभी! वृक्षासन, म्हणजे एका पायावर उभं राहून दुसऱ्याचा तळवा मांडीला आतून लावायचा, ते भिंतीजवळ करा, पाय मांडीपर्यंत नाही गेला तर पोटरीला लावा, घोट्याला लावा, फक्त गुडघ्याच्या बाजूला टेकवून दाबू नका. शेवटी शवासन, पाच मिनिटं, आणि हे कापायचं नाही. सगळ्यात जास्त लोक हेच सोडतात की काही करायचं नाहीये तर कशाला वेळ घालवा. थंडीत अंगावर चादर घ्या. झोप लागली तर लागू द्या, अलार्म लावून ठेवा.

श्वासाचा नियम सोपा आहे, पुढे वाकताना सोडायचा, मागे जाताना घ्यायचा, आणि कळेनासं झालं तर नाकाने चालू ठेवायचा, रोखायचा मात्र नाही. सुरुवातीला मी प्रत्येक आसनात श्वास कोंडून उभी असायचे, चेहरा टोमॅटो.

सूर्यनमस्कार दुसऱ्या महिन्यात घ्या. आपल्याकडे रथसप्तमीला शाळांमध्ये सामुदायिक सूर्यनमस्कार असतात त्यामुळे सगळ्यांना वाटतं की आपल्याला येतातच. औंधचे राजे पंतप्रतिनिधी (साताऱ्याकडचं औंध, पुण्याचं नव्हे) यांनी आपल्या संस्थानात शाळांमधून त्यांचा प्रसार केला, पण तो मुलांचा व्यायाम होता आणि आपण चाळिशीत आहोत. कोणी दहा अंक म्हणतं कोणी बारा, त्या वादात पडू नका, एक कुठलीतरी पद्धत धरा. पहिल्या आठवड्यात रोज दोन, मग आठवड्याला एखाददुसरा वाढवा. खाली वाकताना गुडघे थोडे दुमडले तरी चालतात. मनगट दुखत असेल तर बोटं पूर्ण पसरवून तळहाताच्या चारी बाजूंनी जोर घ्या, नुसता मनगटाकडच्या कडेवर नको.

कपालभाती, म्हणजे पोट झटक्याने आत घेऊन नाकाने श्वास बाहेर टाकायचा, त्याबद्दल जरा स्पष्ट बोलते कारण व्हॉट्सअपवर ते सगळ्या रोगांवरचं औषध झालंय. हठयोगाच्या ग्रंथांत ती शुद्धिक्रिया म्हणून सांगितलीय, नवख्याने पहिल्या दिवशी टीव्हीसमोर बसून पाचशे झटके मारायची गोष्ट नाही ती. बीपी जास्त असेल, हार्टचा त्रास, हर्निया, नुकतं पोटाचं ऑपरेशन झालेलं, गरोदरपण, यात ती नकोच, पाळी चालू असतानाही नको. त्याऐवजी अनुलोम-विलोम, म्हणजे आलटून पालटून एकेका नाकपुडीने श्वास, तेही श्वास न रोखता, पाच मिनिटं. तसंच शीर्षासन, सर्वांगासन, हलासन एकट्याने व्हिडिओ बघून करायचं नाही, मानेवर भार येतो. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं टाळाच. स्लिप डिस्क किंवा सायटिका असेल तर पुढे वाकायची आसनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

व्हिडिओ लावून करणार असाल तर आधी एकदा नुसता बसून बघा, मग फोन ठेवून करा. मान वळवून स्क्रीन बघत त्रिकोणासन केलं की मान धरलीच म्हणून समजा. जमलं तर दोन-तीन महिने क्लासला जा. खूप लांब जायला नको, लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ पासून आहे आणि सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट १९१८ पासून, तिकडचं शिकून आलेले लोक बऱ्याच गावांत शिकवतात, देवळाच्या सभामंडपात नाहीतर सोसायटीच्या हॉलमध्ये. शिक्षक कसा ओळखायचा तर पहिल्या दिवशी तो तुम्हाला काय काय दुखतं ते विचारतो का बघा. मी ज्या पहिल्या क्लासला गेले तिथे काही न विचारता माझ्या पाठीवर हात ठेवून खाली दाबलं होतं, दुसऱ्या दिवसापासून गेले नाही, आणि फीचे पैसे गेले याचं आता काही वाटत नाही.

खाडे होणारच. लग्न, पाहुणे, ताप, परीक्षा. परत सुरू करताना जिथे सोडलं तिथून नाही, त्याच्या अर्ध्यापासून करा. आणि लग्नघरी एका खोलीत आठ जण झोपलेत तिथे सतरंजी टाकायला जागा कुठली, तेव्हा गादीवरच पडल्या पडल्या गुडघे छातीशी घ्या, बाथरूमच्या रांगेत ताडासनात उभे राहा, आणि जेवायला टेबल-खुर्ची आणि पंगत दोन्ही असेल तर पंगतीत बसा.