चार्टर कंपनीत पायलट म्हणून रुजू होण्याआधी कंपनी कशी पारखावी

एअरलाइनमध्ये रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक), डिस्पॅच (उड्डाणाची आखणी), मेंटेनन्स कंट्रोल यांसाठी वेगवेगळे विभाग असतात. दोन-चार विमानांच्या चार्टर कंपनीत, म्हणजे मागणीप्रमाणे विमान भाड्याने देणाऱ्या कंपनीत, तेच सगळं मोजकी माणसं सांभाळतात. त्यातलं एक जरी ढिलं पडलं, तरी भार थेट कॉकपिटवर येतो. म्हणून इंटरव्ह्यूइतकीच मेहनत कंपनीच्या चौकशीवर घ्या.

सुरुवात घरी बसून करता येते. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर नॉन-शेड्यूल्ड, म्हणजे वेळापत्रकाशिवाय उड्डाणं करणाऱ्या, परमिटधारकांची यादी असते. त्यात कंपनीचं नाव, परमिटची मुदत आणि परमिटवर असलेली विमानं बघा. तुम्हाला जे विमान उडवायला सांगणार आहेत, त्याचा व्हीटीने सुरू होणारा नोंदणी क्रमांक यादीत असलाच पाहिजे. "ते विमान मालकांचं खासगी आहे, पण अधूनमधून ट्रिप करतो" असं कोणी म्हणालं, तर पुढचं बोलणं तिथेच थांबवा. खासगी वापराच्या विमानात भाडं घेऊन प्रवासी नेणं बेकायदा आहे. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि कारवाईची झळ पायलटच्या लायसन्सला बसते.

मग कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीचं नाव टाका. संचालक कोण, विमानांवर कर्जाचा बोजा किती, वार्षिक हिशेब वेळेत भरलेत का, हे दिसतं. शंभर रुपयांत दाखल केलेली कागदपत्रं उघडून पाहता येतात. हिशेब दोन-दोन वर्षं रखडले असतील, तर पगारही रखडतो असं धरून चला. ई-कोर्ट्सवर कंपनीचं नाव शोधलंत तर माजी कर्मचाऱ्यांशी चाललेले खटले सापडू शकतात.

आता हँगर. इंटरव्ह्यू फक्त ऑफिसात उरकत असतील, तर विमान बघायला मागा आणि टेक लॉग (विमानाच्या बिघाडांची आणि दुरुस्तीची नोंदवही) चाळायची परवानगी घ्या. परवानगी देताना चेहरा कसा होतो, तेही बघा. टेक लॉगमध्ये स्नॅग, म्हणजे बिघाडाच्या नोंदी, असणं वाईट नाही, चालत्या विमानात ते निघतातच. महिनोन्महिने एकही स्नॅग नोंदलेला नसेल तर मात्र सावध व्हा. ते तोंडी सांगितले जातात आणि तोंडीच मिटवले जातात, असा त्याचा अर्थ बहुतेक वेळा निघतो. आणखी एक खूण म्हणजे प्रत्येक बिघाड मुंबईत किंवा दिल्लीत, म्हणजे बेसवर परतल्यानंतरच लिहिलेला दिसतो. रेडिओ अल्टिमीटर, वेदर रडार, अँटी-स्किड काय नेमके ट्रिपच्या शेवटच्या टप्प्यालाच बिघडतात? बाहेरगावी लिहिलं तर विमान तिथेच अडकतं, ट्रिप बुडते, म्हणून पेन बेसवर आल्यावरच उघडतं. एकाच तक्रारीपुढे पुन्हा पुन्हा "तपासलं, ठीक आढळलं" अशी सही असेल, तर दुरुस्ती होत नाही, फक्त कागद पुढे सरकतो.

एमईएलखाली (कोणता बिघाड असताना किती दिवस उडता येतं ते सांगणारी यादी) पुढे ढकललेल्या बिघाडांच्या तारखा जुळवा. बी वर्गाला 3 दिवस, सी वर्गाला 10 दिवस, डी वर्गाला 120 दिवस मिळतात. सी वर्गातली नोंद दहाव्या दिवशी बंद होऊन अकराव्या दिवशी पुन्हा उघडलेली दिसली, तर दुरुस्ती न करता फक्त मुदत वाढवली आहे असं समजून घ्या.

चीफ पायलट किंवा डायरेक्टर ऑपरेशन्सना एक प्रश्न जरूर विचारा. शेवटचं डायव्हर्जन (ठरलेल्या ठिकाणाऐवजी दुसरीकडे उतरणं) कधी झालं, विमान कुठे गेलं आणि क्लायंटला कोणी समजावलं? चांगल्या कंपनीत तारीख, कारण, ठिकाण लगेच सांगतात, आणि क्लायंटशी बोलणं ऑपरेशन्सचं काम असतं. "आमच्याकडे कधी डायव्हर्ट करावं लागत नाही" हे उत्तर अभिमानाने दिलं जात असेल, तर तिथे जाऊ नका. क्लायंट साहेबांचे पीए पायलटच्या मोबाइलवर थेट फोन करतात का, हेही विचारा. निवडणुकीच्या मोसमात हाच फोन सगळ्यात जास्त दबाव आणतो. राज्यातल्या एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) नसलेल्या छोट्या धावपट्ट्यांसाठी कंपनीची लेखी एसओपी (कार्यपद्धती) मागा. तिथे व्हीएफआरसाठी (डोळ्यांनी बाहेर बघून उडण्याच्या नियमांसाठी) 5 किलोमीटर दृश्यमानता लागते. सूर्यास्तानंतर 20 मिनिटांनी व्हीएफआर संपतं. सभा लांबली म्हणून ही वेळ पुढे सरकत नाही, आणि हे कंपनीने क्लायंटला बुकिंगच्या वेळीच सांगितलेलं असावं.

मेंटेनन्सनंतरची चाचणी उड्डाणं कोण करतं, कोणत्या हवामानात करतात, हे विचारायला संकोचू नका. 28 जून 2018 रोजी जुहूहून अशाच उड्डाणावर निघालेलं किंग एअर सी-90 भर पावसाळ्यात घाटकोपरला कोसळलं. विमानातले चौघं आणि रस्त्यावरचा एकजण गेला. एएआयबीचे (विमान अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेचे) अहवाल सार्वजनिक असतात. ज्या कंपनीत जाताय तिचा एखादा अहवाल असेल तर तो मुळापासून वाचा, आणि त्यातल्या शिफारशींचं पुढे काय झालं ते इंटरव्ह्यूत विचारा.

ट्रेनिंगबद्दल थोडक्यात: सहा महिन्यांचा पीपीसी (पायलटच्या कौशल्याची चाचणी) सिम्युलेटरवर होतो की विमानावर, आणि खर्च कोणाचा, एवढं स्पष्ट करून घ्या. व्ही-वनला (टेकऑफ थांबवता येण्याच्या शेवटच्या वेगाला) इंजिन बंद पडण्याचा खरा सराव सिम्युलेटरशिवाय सुरक्षितपणे होत नाही.

चार्टरमध्ये थकवा उड्डाणाच्या तासांनी येतो त्याहून जास्त ताटकळण्याने येतो. सकाळी सोडायचं, दिवसभर टर्मिनलच्या खुर्चीवर बसायचं, रात्री परत आणायचं. मधल्या वेळेत हॉटेलची खोली मिळते का? स्टँडबाय ड्युटीत धरतात का? महिन्यात ठरलेल्या, फोन न येणाऱ्या सुट्ट्या किती? "गरजेप्रमाणे देऊ" म्हणजे सुट्टी नाही.

बाँडवर (ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास रक्कम भरण्याच्या करारावर) सही करण्याआधी तीन गोष्टी बघा. रक्कम खऱ्या ट्रेनिंग खर्चाइतकी आहे का, त्याची इनव्हॉइस दाखवतात का, आणि नोकरीच्या प्रत्येक महिन्यागणिक ती घटते का? रक्कम शेवटच्या दिवसापर्यंत तेवढीच राहत असेल, तर घटत्या हिशेबाचा मजकूर करारात घालायला लावा. कोरा सही केलेला चेक कधीही देऊ नका, कारण चेक बाऊन्स झाला की प्रकरण फौजदारी होतं. मूळ मार्कशीट किंवा लायसन्स ठेवून घेणारी कंपनी टाळा.

पगार म्हणून देतात की प्रोफेशनल फी म्हणून, हेही कळलं पाहिजे. फीवर घेतलं तर पीएफ आणि ग्रॅच्युइटी सहसा मिळत नाही. सध्याच्या एखाद्या पायलटला विचारा की कापलेला टीडीएस त्याच्या पोर्टलवर दिसतो का. कापतात पण भरत नाहीत, अशी कंपनी पैशांच्या अडचणीत असते, आणि पुढचा नंबर मेंटेनन्सच्या बिलांचा लागतो.

विम्याच्या पॉलिसीत पायलट वॉरंटी नावाचं कलम असतं. त्या प्रकारच्या विमानावर पीआयसी (मुख्य पायलट) आणि कोपायलटला किमान किती तास हवेत, ते त्यात लिहिलेलं असतं. तुमचे तास त्यात बसतात का, हे वाचून घ्या. पर्सनल ॲक्सिडेंट आणि लॉस ऑफ लायसन्स (लायसन्स गमावल्यास भरपाई देणारा) विमा तुमची कंपनी देते का, रक्कम किती, हे ऑफर लेटरमध्ये आलं पाहिजे.

सगळ्यात खरी माहिती सोडून गेलेले लोक देतात. निदान दोन माजी पायलट आणि जमलंच तर एक माजी एएमई (विमान देखभाल इंजिनिअर) गाठा. का सोडलं हे विचारलंत तर गोलमोल उत्तर मिळेल, म्हणून थेट विचारा: शेवटचा हिशेब किती महिन्यांनी मिळाला, एनओसीसाठी (ना हरकत दाखल्यासाठी) अडवलं का, आणि ई-जीसीएवरच्या (डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवरच्या) लॉगबुकातले तास कंपनीने वेळेवर मंजूर केले का? हे तास अडकले की पुढच्या नोकरीचा अर्जही अडकतो. म्हणून रुजू झाल्यावरही दर महिन्याच्या शेवटी ते मंजूर करून घ्या आणि ड्युटीच्या वेळा, टेक लॉगची नोंद क्रमांकासह, आपल्या वहीत वेगळ्या उतरवून ठेवा.