मोहरीत सीझियम शिरताना पाहायचंय?

रोपं किरणोत्सारी धातू कसे शोषतात, या प्रोजेक्टच्या वेळी दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, युरेनियम मिळेल का?" नाही मिळणार, परवान्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. शिवाय फॉस्फेटशी गाठ पडली की ते मुळातच अडकतं, पानापर्यंत फारसं पोचत नाही. किरणोत्सारी सीझियम-137 मात्र पोटॅशियमचं सोंग घेऊन सरळ आत घुसतं. किरणोत्सारी नसलेलं साधं सीझियमही रोप तसंच शोषतं, म्हणून आपण सीझियम क्लोराइडवर काम भागवायचं.

मोहरी ओल्या टिपकागदावर रुजवा. दोन पानं फुटली की रोपं पोषकद्रावणात न्या. बरण्यांना काळा कागद गुंडाळा, नाहीतर शेवाळं धरतं. हवेसाठी फिशटँकचा पंप पुरतो.

बरण्या चार प्रकारच्या: पोटॅशियम भरपूर (5 मिलिमोलर, म्हणजे लिटरमागे 5 मिलिमोल) आणि कमी (0.2 मिलिमोलर), दोन्ही सीझियम घालून आणि न घालता. सीझियम क्लोराइड लिटरमागे 84 मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा मिलिमोल. कमी पोटॅशियमच्या द्रावणात पोटॅशियम नायट्रेट घटवल्याने कमी पडलेलं नायट्रेट भरून काढायला कॅल्शियम नायट्रेटच घ्या. अमोनियमचं मीठ घातलंत तर ज्या वाटेने सीझियम आत जातं तीच अडते आणि प्रयोगाचा विचका होतो.

पोटॅशियमची उपासमार झाली की मूळ ते ओढून घेणारे वाहक (आत नेणारी प्रथिनं) वाढवतं, आणि त्याच दारातून सीझियम शिरतं. सीझियम घातलेल्या कमी पोटॅशियमच्या बरणीत मुळं खुरटतात, पानं फिकट पडतात. भरपूर पोटॅशियमच्या बरणीत तेवढंच सीझियम असूनही रोप बरंच टवटवीत राहतं. 2011 च्या अणुभट्टी अपघातानंतर जपानमधल्या फुकुशिमातल्या भातखाचरांत पोटॅशियम खत घातलं ते याचसाठी. तिथे 100 ग्रॅम मातीत 25 मिलिग्रॅम पोटॅश (K2O, म्हणजे पोटॅशियम मोजायचं खतातलं माप) हे लक्ष्य ठरवलं होतं. सूर्यफुलं लावूनही पाहिली, पण त्यांनी फारसं काही उचललं नाही.

काढणीत घाई नको. मुळाला बाहेरून चिकटलेलं सीझियम आत शोषलेलं म्हणून मोजलं जातं, तेव्हा मुळं आधी थंडगार पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात खळबळून घ्या, मग डिस्टिल्ड पाण्यात. मुळं आणि पानं वेगवेगळी वाळवा, 70 अंशांवर. भट्टीत राख करू नका, फार तापलं की सीझियम उडून जातं. फ्यूम हूडखाली नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवा. नमुना ज्योतीत सोडून सीझियम मोजणाऱ्या यंत्रावर मोजताना सगळ्या नमुन्यांत आणि स्टँडर्डमध्येही (सीझियमचं प्रमाण ठाऊक असलेल्या द्रावणातही) सारखंच, भरपूर पोटॅशियम क्लोराइड टाका, नाहीतर ज्योतीत सीझियमचं आयनीभवन होऊन (अणूंतले इलेक्ट्रॉन निघून जाऊन) आकडे फसवतात.

उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही. कॅनमध्ये साठवा, वर नाव आणि तारीख लिहा.