नवव्या महिन्यात फ्लू झाला तर

मला 37 आठवडे आणि 2 दिवस झाले होते. बॅग भरून दाराशी ठेवलेली. वरच्या कप्प्यात बर्थ प्लॅनचा, म्हणजे बाळंतपण कसं व्हावं याचा कागद: खोलीत नवरा आणि बहीण दोघंही, कळा सुरू असताना हिंडायची मोकळीक, जन्मल्याबरोबर बाळ छातीवर. त्या रात्री मी तापाने फणफणले, थर्मामीटरवर 38.9 सेल्सिअस. आणि मी सकाळपर्यंत थांबले. ते चुकलंच.

शेवटच्या महिन्यांत फ्लू अंगावर काढायचा नाही. गर्भाशय वर सरकल्याने फुप्फुसांना जागा कमी पडते, हृदय आधीच जास्त काम करत असतं, त्यामुळे साध्या वाटणाऱ्या फ्लूचा न्यूमोनिया होण्याचा धोका या दिवसांत जास्त. ओसेल्टामिविर हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत घेतलं तर सर्वांत चांगलं लागू पडतं. तपासणीचा रिपोर्ट यायची वाट न पाहताही डॉक्टर ते सुरू करू शकतात. म्हणून ताप दिसताच फोन करा, रात्र असली तरी. किती आठवडे झाले, ताप किती, कधीपासून, दम लागतोय का, बाळ हलतंय का, एवढं सांगा. न कळवता थेट जाऊन बसू नका. आधी कळलं तर तुम्हाला इतर गरोदर बायकांपासून वेगळं बसवता येतं.

तापासाठी पॅरासिटामॉल, डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात. आयबुप्रोफेन नको. 20 आठवड्यांनंतर त्याने बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, आणि शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याची भीती असते. सर्दीच्या तयार गोळ्यांमध्येही ते असू शकतं, म्हणून पाकिटामागची बारीक अक्षरं वाचाच.

पाणी पीत राहा. अंगातलं पाणी कमी झालं की पोट कडक व्हायला लागतं. मला दुसऱ्या दिवशी तसं झालं, दर दहा-बारा मिनिटांनी. दोन ग्लास पाणी पिऊन डाव्या कुशीवर पडले, तासाभरात थांबलं. थांबलं नसतं, तर फोन करायचा होता.

खोकल्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. खोकताना पोटाला उशी दाबून धरा, ओटीपोटाला बसणारा हिसका बराच कमी होतो. एका जोराच्या उबळीत माझे कपडे ओले झाले आणि गर्भजल गेलं की काय म्हणून मी घाबरले. कोरडा पॅड लावून अर्धा तास पडून राहिले. वास लघवीचा होता आणि पॅड पुन्हा ओला झाला नाही. गर्भजल खोकल्याशिवायही झिरपत राहतं. तरीही शंका उरली तर दाखवायलाच जा. दम लागणं, छातीत दुखणं, गोंधळल्यासारखं होणं, गोळीनेही ताप न उतरणं, रक्त जाणं, ऑक्सिजन 95 च्या खाली, किंवा बाळाची हालचाल मंदावणं, यातलं एकही दिसलं तर लगेच दवाखाना.

आता बर्थ प्लॅन. फ्लू झाला म्हणून सिझर करावं लागतं असं नाही. उलट सिझरची किंवा कळा आणायची तारीख ठरलेली असेल आणि घाई नसेल, तर ती काही दिवस पुढे ढकलता येते का, ते विचारा. ताप असतानाच कळा सुरू झाल्या तर बाळाचे ठोके वाढू शकतात. ते सतत पाहावे लागतात, त्यामुळे हिंडणं कमी होऊ शकतं. ताप फ्लूचा की गर्भाशयातल्या संसर्गाचा, हेही डॉक्टरांना पाहावं लागतं, त्यात अँटिबायोटिक सुरू होऊ शकतात. हे आधी माहीत असलं की ऐन वेळी धक्का बसत नाही.

तिसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर मी त्याच कागदाच्या मागे नवीन यादी लिहिली. सोबत कोण: पहिलं नाव नवऱ्याचं, तो आजारी पडला तर बहिणीचं. बाळ जवळ घ्यायचं ते मास्क लावून, हात धुऊन. दूध पाजायचंच. फ्लूचा विषाणू दुधातून जात नाही, प्रतिपिंडं मात्र जातात. मला उठताच आलं नाही, तर काढलेलं दूध निरोगी माणसाने पाजायचं. ही यादी मी डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवली.

अजून फ्लू झालेला नसेल तर लशीचं विचारा. निष्क्रिय विषाणूची लस गरोदरपणात कुठल्याही महिन्यात घेता येते, नाकात मारायची जिवंत लस नाही. बाळाला स्वतःची लस 6 महिन्यांआधी देत नाहीत, तोवर वारेतून मिळालेली प्रतिपिंडंच त्याच्या कामी येतात. माझी ती लस पुढच्या तपासणीला, पुढच्या तपासणीला म्हणत राहून गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

कळा नवव्या दिवशी सुरू झाल्या. ताप नव्हता, खोकला होता. बहिणीला तोवर ताप आला होता, ती घरीच राहिली. कागदाच्या पुढच्या बाजूचं 'बाळ छातीवर' तेवढं जसंच्या तसं झालं, फक्त मास्कमुळे त्याच्या डोक्याचा वास मला दोन दिवसांनी घेता आला.