चिलखताच्या कड्या फाकायच्या, त्यावर केलेला इलाज

दारव्ह्याकडच्या आमच्या गावात जाळीचं चिलखत घालून लाकडी तलवारीनं लढणारे आम्ही तिघंच. १.६ मिमीची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार १० मिमी सळईवर गुंडाळून कड्या कापल्या, एकीत चार अशा ओवल्या. आबाजी म्हणाले, "कोंबड्यायसाठी जाळी इणून राह्यला का बे?"

पहिल्याच लढतीत खांद्यावरच्या कड्या फाकून मातीत सांडल्या. मग सळई ८ मिमीची घेतली. तार तीच, पण कडी लहान म्हणून ताठ. तोंडं बाहेर न ओढता दोन पकडींनी आडवी पिळून मिटवली. वजन वाढलं, खांदे भरून यायचे. कमरेला पट्टा करकचून बांधल्यावर बराच भार तिथं उतरला. आत घरच्याच कापसाची जाड बंडी. मे महिन्यात मात्र ती घालवत नाही.