व्हिनेग्रेट घरी कसं करायचं: तेल थेंबाथेंबानं, बाकी सगळं सोपं

व्हिनेग्रेट हे सॅलडचं ड्रेसिंग, म्हणजे तेल, व्हिनेगर, मीठ आणि मोहरी, बस. एवढ्या चार गोष्टींसाठी लोक बारा जिन्नसांच्या याद्या देतात, त्यात ओरेगॅनो, चिली फ्लेक्स, लसणाची पावडर सगळं असतं, आणि जी एक गोष्ट खरंच नीट सांगायला हवी ती शेवटी "सगळं छान मिक्स करा" म्हणून उरकून टाकतात. त्या "छान मिक्स करा"मध्येच सगळं आहे. तिथंच बिघडतं, माझंही जवळजवळ वर्षभर बिघडत होतं, वर तेलाचा तवंग आणि खाली आंबट पाणी, पानं तेलकट आणि शेवटच्या घासाला दात आंबतील एवढं व्हिनेगर.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दीड वर्ष फ्रान्समध्ये ल्योंला होतो, तिथं शेजारच्या आजींनी मला हे शिकवलं. त्यांच्याकडे ड्रेसिंगची बाटली नावाची वस्तूच नव्हती. जेवायच्या आधी पाच मिनिटं सॅलडच्याच मोठ्या बाऊलच्या तळाशी ड्रेसिंग करायचं, त्यावर दोन मोठे लाकडी चमचे आडवे-तिडवे ठेवायचे आणि त्या चमच्यांवर पानं रचून ठेवायची, म्हणजे पानं ड्रेसिंगला लागत नाहीत आणि बाऊल तसाच टेबलावर जातो. खायला बसल्यावर कालवायचं. कालवण्याला त्यांच्याकडे शब्द आहे तो म्हणजे सॅलड "दमवणं", मला तो फार आवडतो, कारण दोनदा वरखाली करून सोडून द्यायचं नसतं, प्रत्येक पानाला हात लागेपर्यंत हलक्या हातानं फिरवत राहायचं असतं.

काय घ्यायचं

चार जणांच्या सॅलडला: १ टेबलस्पून व्हिनेगर, ३ टेबलस्पून तेल, १ टीस्पून मस्टर्ड (मोहरीची तयार पेस्ट), पाव टीस्पून मीठ, थोडी ताजी मिरपूड. मापाचे चमचे नसतील तर पोह्यांचा चमचा घ्या, तो मापाच्या टेबलस्पूनपेक्षा म्हणजे १५ मिलीपेक्षा लहान असतो पण तेल आणि व्हिनेगर दोन्ही त्याच चमच्यानं मोजलं तर काही बिघडत नाही, मीठ आणि मस्टर्ड तेवढं जरा हात आखडून.

आता ते तीनास एक. हे प्रमाण सगळीकडे शिलालेखासारखं छापतात पण ते आहे तिकडच्या वाइन व्हिनेगरसाठी, ज्याची आम्लता ६-७ टक्के असते. आपल्याकडचं साधं पांढरं व्हिनेगर साधारण ४ टक्क्यांचं, ॲपल सायडर ५ च्या आसपास. म्हणून ४ टक्केवाल्याला तीन चमचे तेल घातलंत तर ड्रेसिंग मिळमिळीत आणि नुसतं तेलकट लागणार, तिथं दोनास एक किंवा अडीचास एक घ्या. बाटलीवर टक्के लिहिलेले असतात, वाचा. तिथंच "सिंथेटिक" लिहिलंय का तेही बघा, म्हणजे ॲसिटिक ॲसिडमध्ये पाणी घालून केलेलं, ते नूडल्सवर टाकायला ठीक आहे, इथं नको, कारण इथं व्हिनेगरची चव लपायला जागाच नाही. गोव्यातून कोणी येणार असेल तर माडाच्या सुरेचं व्हिनेगर मागवा, जरा गढूळ दिसतं पण चवीला इतकं मऊ आणि गोलसर असतं की मी आता बहुतेक वेळा तेच वापरते. लिंबू चालतं, छानच लागतं, फक्त बाटलीतला लिंबाचा रस नको.

तेलाबद्दल एकच सांगते, सगळं एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑइल घालायची गरज नाही. ल्योंच्या त्या आजी रोजच्या सॅलडला साधं सूर्यफुलाचं तेल घ्यायच्या, कधीतरी त्यात चमचाभर अक्रोडाचं. मी दोन भाग सूर्यफूल एक भाग ऑलिव्ह घेते. घाण्याचं शेंगदाणा तेल असेल तर तेही सुंदर लागतं पण त्याला लिंबू घ्या, व्हिनेगर नको.

मस्टर्ड, आणि ते नसेल तर

हे वगळू नका. मोहरी इथं चवीपुरती नाही. तेल आणि व्हिनेगर एकमेकांत विरघळत नाहीत, तुम्ही कितीही घोटा, थांबलात की तेलाचे थेंब एकमेकांना शोधून परत एक होतात आणि वर येतात. मोहरीतले बारीक कण, प्रथिनं आणि तिचा चिकटपणा त्या थेंबांभोवती बसतो आणि त्यांना एकत्र येऊ देत नाही. म्हणजे ड्रेसिंग बांधून ठेवायचं काम तीच करते. डिजॉन मस्टर्ड घ्या. डिजॉन हे फ्रान्समधलं गाव आहे पण ते नाव संरक्षित नाही, कुठलाही कारखाना कुठंही बसून डिजॉन लिहू शकतो, म्हणून मागचं लेबल बघा, साखर किंवा स्टार्च आधी आणि मोहरी नंतर असेल तर ठेवून द्या. हॉट डॉगवरचं पिवळंधमक गोडसर मस्टर्ड नको. कासुंदी, म्हणजे बंगाली मोहरीची चटणी, चालते, रंग पिवळा येतो आणि चव बंगालकडे झुकते, मला चालतं.

आणि घरात यातलं काहीच नसेल तर मोहरी फेसा. आपल्याकडे केळ्याच्या नाहीतर काकडीच्या कोशिंबिरीला मोहरी फेसून लावतात तीच. एक टीस्पून अख्खी मोहरी (लोणच्याची डाळ नको, सालीतच चिकटपणा असतो) मिक्सरच्या लहान भांड्यात अगदी बारीक करा, मग दोन टीस्पून गार पाणी घालून वाटीत फेसत राहा, नाकात झणका आला पाहिजे. मग दहा मिनिटं तशीच ठेवा. क्रम इथं महत्त्वाचा आहे: मोहरीचा झणका दाण्यात आयता नसतो, दाणा फुटून पाणी लागलं की त्यातलं एन्झाइम काम करतं आणि तो तयार होतो. गरम पाणी घातलंत तर एन्झाइम मरतं, आधीच व्हिनेगर घातलंत तर ते धड काम करत नाही, दोन्हीकडे मोहरी नुसती कडू लागते. आधी गार पाणी, दहा मिनिटं, मगच व्हिनेगर. माझी आजी हे एन्झाइम वगैरे काही न जाणता बरोब्बर करायची, "पाणी माठातलं घे" एवढंच म्हणायची.

आधी मीठ

मस्टर्ड, व्हिनेगर आणि मीठ एकत्र करून मीठ पूर्ण विरघळू द्या. मीठ तेलात विरघळत नाही, नंतर घातलंत तर दाताखाली येईल. सॅलडमध्ये कांदा घालणार असाल तर सांबाराचे छोटे कांदे अगदी बारीक चिरून याच व्हिनेगरमध्ये दहा मिनिटं टाकून ठेवा, त्यांचा उग्रपणा जातो.

आता तेल, आणि इथं घाई करू नका

माझं वर्षभर जे बिघडत होतं ते इथं. मी तीन चमचे तेल एकदम ओतायचे आणि मग जीव खाऊन फेटायचे. हात दुखायचा, एकजीव झाल्यासारखं वाटायचं, आणि ताटात घेईपर्यंत परत फुटलेलं. एकदा घरी दहाजण जेवायला होते आणि मी मोठ्या उत्साहानं चौपट प्रमाणात केलं, बाऊल टेबलावर गेला तोवर तळाशी सगळं व्हिनेगर बसलेलं, पहिल्या चौघांना तेलात भिजलेली पानं आणि शेवटच्यांना नुसता आंबट रस. त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं कारण बाकी सगळा स्वयंपाक चांगला झाला होता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजींना विचारलं तर त्यांनी माझ्या हातातली तेलाची बाटली काढून घेतली आणि मला चहाचा चमचा दिला.

तर असं करायचं. बाऊलखाली ओला नॅपकिन गोल करून ठेवा म्हणजे बाऊल फिरणार नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतील, हे छोटं वाटतं पण याच्याशिवाय एका हातानं धरायचं, दुसऱ्यानं फेटायचं आणि तेल तिसऱ्यानं घालायचं अशी वेळ येते. साधा काटा पुरतो, लहान व्हिस्क असेल तर उत्तम. फेटायला आधी सुरुवात करा आणि मग तेल, फेटणं चालू असतानाच. पहिला अर्धा चमचा तेल अक्षरशः थेंबाथेंबानं. पाच-सहा थेंब, फेटा, ते दिसेनासे झाले की पुढचे. घाई झाली की काय होतं, तेल जास्त आणि व्हिनेगर कमी त्यामुळे तेलाचे मोठे गोळे तयार होतात, ते फोडायला तुमच्या हातात ताकद पुरत नाही. पण सुरुवातीचं तेल बारीक थेंबांत विखुरलं गेलं की मिश्रण घट्ट व्हायला लागतं, आणि घट्ट मिश्रणात पुढचं तेल आपोआप बारीक थेंबांत विखुरतं. म्हणून सगळी मेहनत पहिल्या चमच्याची आहे.

कळणार कसं? रंग बघा. सुरुवातीला पिवळसर आणि पातळ असतं, मग एका क्षणी ते फिकट, दुधाळ होतं आणि काट्याच्या मागे रेघ राहायला लागते. ते झालं की बाकीचं तेल बारीक धारेनं घालू शकता, फेटणं थांबवू नका एवढंच. शेवटी पळीवाढ्या कढीइतकं दाट झालं पाहिजे. हे सगळं तीन-चार मिनिटांचं काम आहे, त्याहून जास्त नाही.

सगळे जिन्नस घरातल्या तपमानाला हवेत. मस्टर्ड फ्रिजमधून काढून लगेच वापरलंत आणि तेलही गार असेल तर नीट बांधलं जात नाही, अर्धा तास आधी बाहेर काढा.

मिक्सर वापरू नका. होय, पटकन होतं, अगदी क्रीमसारखं होतं, पण एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑइल मिक्सरच्या पात्यात जोरात फिरवलं की कडू होऊ शकतं, मी दोनदा महागडी बाटली अशी वाया घालवली आहे आणि त्या कडूपणाला मध घालून काही फायदा होत नाही. मिक्सरच वापरायचा असेल तर त्यात साधं तेल फिरवा आणि ऑलिव्ह शेवटी हातानं मिसळा.

बरणीत घालून हलवायचं का? रोजच्या घाईत मीही तेच करते, पण बरणी अर्धी रिकामी हवी, मस्टर्ड हवंच आणि निदान अर्धा मिनिट जोरात. ते हातानं केलेल्याइतकं टिकत नाही, जरा वेळानं सुटायला लागतं, म्हणून टेबलावर नेऊन तिथंच हलवायचं आणि लगेच ओतायचं. मस्टर्डशिवाय बरणी हलवणं म्हणजे नुसता हाताचा व्यायाम.

फुटलं तर टाकून देऊ नका. स्वच्छ वाटीत अर्धा टीस्पून मस्टर्ड घ्या आणि फुटलेलं ड्रेसिंग त्यात तेलासारखंच थेंबाथेंबानं घालत फेटा. परत बांधलं जातं, दरवेळी.

चव

चमच्यानं चाखू नका, नुसतं चाखलं की ते नेहमी जास्त आंबट आणि खारट वाटतं आणि मग लोक साखर घालत सुटतात. ज्या पानाला लावणार ते पान बुडवून खाऊन बघा. काकडी-टोमॅटो असेल तर ड्रेसिंग जरा तिखट-आंबट ठेवा, त्यांना पाणी सुटतं.

पानांना लावताना

पानं कोरडी हवीत, अगदी कोरडी. धुऊन चाळणीत निथळून मग जुन्या सुती पंच्यात गुंडाळून हलक्या हातानं टिपा. ओल्या पानावर ड्रेसिंग बसत नाही, घसरून तळाशी जातं आणि तुम्हाला वाटतं ड्रेसिंगच बिघडलं. आणि खायच्या आधी दोन मिनिटं, त्याहून आधी नाही. पानाच्या वर मेणाचा पातळ थर असतो, पाणी त्यावरून ओघळून जातं पण तेल आत शिरतं आणि पान मलूल पडतं. नीट बांधलेल्या ड्रेसिंगमध्ये तेल थेंबांत अडकलेलं असतं म्हणून पान जास्त वेळ तग धरतं, फुटलेल्यात मोकळं तेल थेट पानावर बसतं. निम्मं घाला, दमवा, मग लागलं तर आणखी. शेवटी बाऊलच्या तळाशी तळं दिसता कामा नये.

बटाट्याचं उलटं आहे. उकडलेले बटाटे सोलून गरम असतानाच ड्रेसिंग घाला, गरम बटाटा ते पिऊन घेतो, गार झाल्यावर ते नुसतं वरवर राहतं. बटाट्याला फेसलेली मोहरी आणि शेंगदाणा तेलवालं करून बघा, वर कोथिंबीर, आमच्याकडे यासाठी भांडणं होतात.

उरलं तर काचेच्या बाटलीत फ्रिजमध्ये, डिजॉनवालं साधं असेल तर आठवडाभर आरामात टिकतं. कांदा, लसूण, ताजा पाला किंवा लिंबाचा रस असेल तर तीन दिवस, आणि लसूण घातलेलं ओट्यावर अजिबात ठेवू नका, तेलात बुडालेल्या लसणात धोकादायक जंतू वाढू शकतात आणि ते वासावरून कळत नाही. ऑलिव्ह ऑइल फ्रिजमध्ये गोठून पांढरे कण दिसतात, ते खराब झालेलं नसतं, वीस मिनिटं बाहेर ठेवा आणि काट्यानं परत फेटून घ्या.