कमी पैशात रेस इंजिन बांधायचंय? आधी आरपीएम ठरवा

रेस इंजिन बांधायचंय म्हणून कोणी विचारायला आलं की पहिला प्रश्न ठरलेला, किती हॉर्सपॉवर निघेल. मी उलट विचारतो, किती आरपीएमपर्यंत (मिनिटाला किती फेरे) फिरवणार आणि ते आरपीएम झेपवायला पैसे आहेत का. टर्बो नसलेल्या इंजिनात (इथे त्याबद्दलच बोलतोय) हवा आत ढकलणारं कोणी नसतं, बाहेर वातावरणाचा जो काय दाब आहे त्यावरच सगळा संसार, त्यामुळे लिटरमागे टॉर्क (फिरवायचा जोर) एका हद्दीच्या पुढे जातच नाही. चांगलं फोर व्हॉल्व हेड (सिलिंडरवरचा भाग, दर सिलिंडरला चार व्हॉल्व) असलेलं कंपनीतून आलेलं इंजिन लिटरमागे १००-११० न्यूटन मीटर देतं, जीव ओतून काम केलं तर ११५-१२०, आणि कोणी त्याच्या बरंच वर सांगायला लागला की मी आधी डायनोचा (पॉवर मोजायच्या मशीनचा) कागद मागतो.

आता पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, त्याला ९५४९ ने भागलं की किलोवॅट. दोन लिटरच्या इंजिनाने ७५०० ला २२० न्यूटन मीटर दिले तर १७३ किलोवॅट, म्हणजे साधारण २३५ पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर). तेच २२० जर ८५०० ला टिकले तर १९६ किलोवॅट, २६६ पीएस. तीस पीएस फुकट मिळाल्यासारखे वाटतात ना? फुकट काही नाही. पिस्टन आणि रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) जडत्वाचा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो, म्हणजे त्या हजार आरपीएमसाठी रॉडच्या बोल्टवर २८ टक्के जास्त ओढ बसते. आणि सगळ्यात वाईट क्षण पॉवर स्ट्रोकचा नसतो बरं का, नवीन लोकांना तसं वाटतं, पण तो असतो एक्झॉस्ट स्ट्रोकच्या वरच्या टोकाला, कारण तिथे पिस्टनला वरून दाबून धरायला गॅसचा दाबच नसतो, पिस्टन वर उडून जायला बघतो आणि त्याला धरून ठेवायला फक्त ते दोन बोल्ट. म्हणून बजेट कितीही कमी असू दे, रॉड बोल्ट चांगल्या कंपनीचेच आणि नवे घ्यायचे. कंपनीचे फोर्ज्ड रॉड बऱ्याच इंजिनांत मध्यम आरपीएमला पुरतात, ते तपासून परत वापरता येतात, पण बोल्ट बदलले की रॉडचं मोठं टोक परत होन करून (दगडाने घासून) गोल करून घ्यावं लागतं, कारण नव्या बोल्टची पकड वेगळी असते आणि भोक किंचित अंडाकृती होतं. हे मशीनवाल्याला आपण होऊन सांगा, तो विचारेलच असं नाही.

पिस्टन स्पीडचं गणित पण आधीच करून ठेवा, सोपं आहे, दोन गुणिले स्ट्रोक (पिस्टनचा वर-खालचा प्रवास, मीटरमध्ये) गुणिले आरपीएम भागिले साठ. होंडा एस २००० च्या एफ २० सी इंजिनाचा स्ट्रोक ८४ मिमी आणि रेडलाइन (कमाल आरपीएम) ९०००, सरासरी पिस्टन स्पीड येतो सेकंदाला २५ मीटर. होंडाच्याच के २४ चा स्ट्रोक ९९ मिमी, तिथे तोच २५ मीटर ७६०० लाच गाठला जातो. के २४ वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, उलट कमी पैशात तेच मला जास्त आवडतं, सीसी जास्त असल्यामुळे कमी आरपीएमला तेवढंच काम होतं, फक्त त्याला ९००० फिरवायचा हट्ट करू नका.

इंजिन निवडताना मन मारावं लागतं. आपल्याला आवडतं ते नाही, ज्यावर जगभर लोकांनी हात मारून ठेवलाय ते घ्यायचं, म्हणजे पार्ट सेकंडहँड मिळतात, कुठला बेअरिंग कुठल्या मापाला चालतो ते माहीत असतं, आणि काय फुटतं तेही माहीत असतं. होंडाची बी आणि के सिरीज, टोयोटाचं ४ए-जीई (त्याच्या २० व्हॉल्ववाल्याला तर प्रत्येक सिलिंडरला वेगळा थ्रॉटल कंपनीतूनच येतो), माझदाचं बीपी, फोर्डचं ड्युराटेक. ज्या क्लासमध्ये पळवायचंय त्याचं नियमांचं पुस्तक याच्याही आधी वाचा, कारण कॉम्प्रेशनला किंवा थ्रॉटलला बंदी असेल तर अर्धा प्लॅन तिथेच बदलतो.

निवडताना खरं बघायचं ते हेड. १९६७ च्या फॉर्म्युला टू साठी कॉसवर्थने एफव्हीए बांधलं तेव्हा खाली फोर्ड कॉर्टिनाचा साधा लोखंडी ब्लॉकच होता, वर कीथ डकवर्थचं चार व्हॉल्वचं हेड बसवलं आणि १६०० सीसीतून ९००० ला २२० हॉर्सपॉवरच्या आसपास मिळाले. साठ वर्षं होत आली, हिशोब तोच आहे, हवा हेडमधून जाते. होंडाने १९८९ ला बी १६ ए मध्ये १.६ लिटरमधून १६० पीएस काढले तेही रस्त्यावरच्या गाडीत, गॅरंटीसकट. असं हेड आयतं मिळत असताना दोन व्हॉल्वच्या जुन्या हेडवर पैसे ओतणं हौस म्हणून ठीक, बजेट म्हणून नाही.

पोर्टिंगबद्दल (हेडमधले हवेचे मार्ग घासून सुधारणं) थोडं जास्त बोलतो कारण इथे सगळ्यात जास्त हेडं वाया जातात. ग्राइंडर हातात आला की माणसाला पोर्ट मोठा करायची घाई होते. पोर्ट मोठा झाला की हवेचा वेग पडतो, आणि इनटेक व्हॉल्व बंद होत असताना पिस्टन वर यायला लागलेला असतो, तेव्हा त्याच वेगाच्या जोरावर हवा आत भरत राहते, तो वेगच घालवला तर मधल्या आरपीएमचा टॉर्क गेला आणि वरचाही फारसा आला नाही. व्हॉल्व काढा आणि सीटच्या (व्हॉल्व टेकतो त्या कड्याच्या) खाली बोट फिरवा. सीट जिथे संपते आणि ओतीव धातू सुरू होतो तिथे बऱ्याच हेडांना कंपनीच्या कटरने सोडलेली धार किंवा पायरी बोटाला लागते. ती पायरी हलक्या हाताने मिसळून घेणं, पोर्टच्या वळणाच्या आतल्या, छोट्या बाजूचा गोलावा न मोडणं, आणि चांगल्या मशीनवर तीन अँगलचा व्हॉल्व जॉब (सीट तीन कोनांत कापणं), इतकं केलं तरी हेडमधून निघण्यासारखं बरंचसं निघतं. आरशासारखं पॉलिश करायच्या भानगडीत पडू नका, फोटोला छान दिसतं, इनटेकला त्याचा उपयोग नाही. व्हॉल्व जॉब मात्र घरी करायचा नाही, सीट आणि गाइड (व्हॉल्वची दांडी सरकते ती नळी) एका रेषेत नसतील तर लीक होणार म्हणजे होणारच.

व्हॉल्व स्प्रिंग कॅमच्या (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्याच्या) बरोबरच घ्या, कॅमवाला जे सांगेल तेच. वरच्या आरपीएमला स्प्रिंग कमी पडला की व्हॉल्व कॅमच्या लोबला (उंचवट्याला) सोडून तरंगतो, पॉवर पडते, आणि नशीब खराब असेल तर पिस्टन त्याला गाठतो.

कॉम्प्रेशन (पिस्टन खाली असतानाची जागा भागिले वर असतानाची) हा स्वस्तातला फायदा, पण मोजून. कॅटलॉगमध्ये पिस्टनवर १२.५ लिहिलंय म्हणून तुमच्या इंजिनात १२.५ होत नाही. ८६ मिमी बोअर (व्यास) आणि ८६ मिमी स्ट्रोकच्या सिलिंडरची सीसी साधारण ५००. कॉम्प्रेशन ११ हवं तर वरची एकूण जागा ५० सीसी, १२.५ हवं तर ४३.४. म्हणजे सगळा खेळ साडेसहा सीसीचा. हेड उलटं ठेवून, व्हॉल्व आणि प्लग बसवून, कडेला ग्रीस लावून भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी चिकटवायची आणि ब्युरेटने रंगीत स्पिरिट सोडत जायचं, शेवटचा बुडबुडा भोकातून निघाला की आकडा लिहायचा. चारही चेंबरचं असंच. मग त्यात गॅस्केटची जाडी आणि पिस्टनच्या माथ्याची सीसी धरायची. ब्लॉकवरून ०.१ मिमी फेसिंग (वरचा पृष्ठभाग कापून सपाट) केलं की ८६ च्या बोअरला ०.५८ सीसी कमी होते, हे लक्षात ठेवलं की मशीनवाल्याला नेमका आकडा सांगता येतो. पिस्टनची सपाट कड आणि हेड यांच्यातलं अंतर स्टीलच्या रॉडला १ मिमीच्या जवळ ठेवा, त्याने मिश्रण चेंबरच्या मध्याकडे ढकललं जातं आणि नॉकिंगला (मिश्रण आपोआप पेटून ठोके बसणं) आवर बसतो. आणि हेड किंवा ब्लॉक खाली गेला की टायमिंग चेनचं अंतर बदलतं, कॅम थोडा मागे पडतो, म्हणून ॲडजस्टेबल कॅम पुली ही चैन नाही.

याच्यानंतर क्लेची टेस्ट, म्हणजे व्हॉल्व आणि पिस्टनमधलं अंतर मोजणं, ही न करता इंजिन सुरू करणारे लोक आहेत आणि मला त्यांचं कौतुक वाटत नाही. पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्वच्या खाचांत मऊ क्लेचे जाडसर तुकडे बसवा, व्हॉल्वला तेलाचा हात फिरवा म्हणजे चिकटणार नाही, दाबलेलं जुनं गॅस्केट टाकून हेड टॉर्कने आवळा, टायमिंग लावा आणि क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही. हेड काढून क्ले ब्लेडने मधोमध कापा आणि सगळ्यात पातळ जागा व्हर्नियरने मोजा. इनटेकला निदान २ मिमी, एक्झॉस्टला २.५, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व तापून लांब होतो आणि पिस्टन त्याच्या पाठीमागे लागलेला असतो. हायड्रॉलिक टॅपेट (कॅम आणि व्हॉल्वमधले तेलाच्या दाबावरचे) असतील तर ते दबतात आणि खोटं माप देतात, आणि व्हीटेक (वरच्या आरपीएमला मोठा लोब लावणारी होंडाची यंत्रणा) असेल तर मोठा लोब लागू करून मोजा, नाहीतर सगळंच ओके दिसेल. कॅम डिग्री करताना (क्रँकच्या कोनाशी कॅम जुळवताना) खरा टीडीसी (पिस्टनचं सगळ्यात वरचं टोक) पिस्टन स्टॉपनेच, म्हणजे पिस्टनला अडवणाऱ्या खुंटीनेच शोधा, दोन्ही बाजूंनी हलकेच टेकवून डिग्री प्लेटवरचे दोन आकडे घ्यायचे आणि मध्य काढायचा. टीडीसीजवळ पिस्टन बराच वेळ हललाच नाही असं वाटतं, नजरेने केलं की दोन-चार डिग्री कुठेही जातात.

खालच्या भागात महागड्या पार्टपेक्षा माप आणि स्वच्छता. बेअरिंग क्लिअरन्सचा जुना ठोकताळा म्हणजे ५० मिमीच्या जर्नलला (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) साधारण ०.०५ मिमी, मायक्रोमीटर आणि बोअर गेज उसने आणा पण मोजा. रिंगची गॅप ८६ च्या बोअरला ०.३५ च्या आसपास, रिंग त्याच सिलिंडरमध्ये सरळ बसवून फीलरने. होनिंग झाल्यावर ब्लॉक नुसता पेट्रोलने पुसून आणू नका. गरम पाणी, साबण, ब्रश, आणि मग पांढरं फडकं तेलात बुडवून सिलिंडरमधून फिरवायचं, फडक्यावर राखाडी डाग येतोय तोवर परत धुवायचं. ती राखाडी म्हणजे होनिंगच्या दगडाची पूड, आणि नव्या रिंगा ती पहिल्या तासातच खाऊन टाकते. धुतल्या धुतल्या तेल फासा, नाहीतर लोखंड बघता बघता गंजतं.

तेलाचं तर विचारूच नका. लांब वळणात तेल संपच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) एका बाजूला चढतं, तेल ओढणारा पिकअप उघडा पडतो, क्षणभर हवा ओढली जाते आणि ८००० ला तेवढं पुरतं बेअरिंग जायला. ड्राय संप (तेल वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना) बजेटमध्ये बसत नाही हे मान्य, पण संपमध्ये झडपांचे बॅफल (तेल अडवणारे पडदे) वेल्ड करून घेणं बसतं, जमलं तर प्रेशर साठवणारा ॲक्युम्युलेटर. गेज बघायला ड्रायव्हरला वेळ नसतो, म्हणून कमी प्रेशरला पेटणारा मोठा लाल दिवा डोळ्यासमोर लावा. दर हजार आरपीएमला तेलाचं प्रेशर १० पीएसआय हा ढोबळ नियम अजून चालतो.

एक्झॉस्टवर लोक रात्रभर वाद घालतात. ४-१ (चार पाइप थेट एकात) साधारण वरच्या टोकाला जास्त देतो, ४-२-१ (आधी दोन-दोन, मग एकात) मधला टॉर्क भरतो (१-३-४-२ फायरिंग असेल तर १ आणि ४, २ आणि ३ अशा जोड्या). ट्रॅकवर गिअर बदलल्यावर सुई जिथे पडते तिथून रेडलाइनपर्यंतचाच भाग कामाचा, त्यावरून ठरवा. प्रत्येक सिलिंडरला वेगळा थ्रॉटल मस्त वाटतो, आवाज तर विचारू नका, पण पैसा मोजका असेल तर तो माझ्या यादीत शेवटी.

ईसीयूसाठी (इंधन आणि स्पार्क सांभाळणारा कॉम्प्युटर) मेगास्क्वर्ट आणि स्पीडुइनो हे दोन रस्ते बजेटवाल्यांचे, स्पीडुइनो तर अर्डुइनोवर चालणारा ओपन सोर्स आहे, शिकायला वेळ जातो पण शिकलेलं सगळं आपलं. वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधून हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा) पहिल्या दिवसापासून लावा. पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण, १ म्हणजे नेमकं, कमी म्हणजे इंधन जास्त) ०.८६ ते ०.९० च्या दरम्यान, आणि स्पार्कचं टायमिंग पुढे नेताना टॉर्क वाढायचा थांबला की तुम्हीही थांबा, पुढच्या दोन डिग्रींत पॉवर नाही, फक्त नॉकिंग आहे. कॉम्प्रेशन जास्त आणि पेट्रोल साधं असेल तर नॉकिंग त्याच्याही आधी येतं, मग जिथे आलं त्याच्या मागेच राहायचं. डायनो एकच ठेवा, दोन वेगळ्या डायनोंच्या आकड्यांची तुलना करून काही कळत नाही, फक्त भांडणं होतात.

हे सगळं शिकायला क्लास लावायची गरज नाही, मशीन शॉपमध्ये जाऊन बसा. आपला ब्लॉक लागलाय तेव्हा उभं राहून बघायला कोणी नाही म्हणत नाही, मदतीला हात पुढे केला तर दोन गोष्टी जास्तीच्या सांगतात. आणि वही ठेवा, प्रत्येक जर्नल, प्रत्येक क्लिअरन्स, प्रत्येक बोल्टचा टॉर्क, तारीख टाकून. पुढच्या वेळी इंजिन उघडाल तेव्हा काय झिजलं आणि किती झिजलं हे त्या वहीशिवाय कळणार नाही.

पहिल्यांदा ट्रॅकवरून आलात की तेल काढा आणि फिल्टर कापून उघडा. आतला कागद पिळून उन्हात पसरवा आणि वाकडा करून बघा. बारीक राखाडी पेस्ट नव्या इंजिनाला चालते, लोहचुंबकाला चिकटणारे कण किंवा बेअरिंगच्या थराचे चकचकीत पापुद्रे चालत नाहीत. शंका आली तर संप खाली घ्या आणि एका रॉडची कॅप काढून बेअरिंग बघा, त्याला एक संध्याकाळ लागते. सगळं ठीक असेल तर तेल भरा, लीकडाउन टेस्ट (सिलिंडरमधून किती हवा गळते ते मोजणं) घेऊन चारही सिलिंडरचे आकडे वहीत टाका आणि पुढच्या रेसची तयारी सुरू करा.