तैवानला शिकायला जायचंय? आधी रोमन अक्षरं बाजूला ठेवा

माझ्याकडे जळगाव, धुळे, शहाद्याकडून मुलं येतात ती बहुतेक फेब्रुवारीत. हातात फाइल, बरोबर वडील किंवा मामा, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, व्हिसाला किती दिवस लागतात?" व्हिसाचं होऊन जातं. सहा महिने लागतात ते चिनी भाषेसाठी जीभ वळवायला, आणि तिच्याबद्दल कोणी विचारतच नाही. सप्टेंबरच्या सत्राला जायचं असेल तर आदल्या दिवाळीपासून तोंड उघडून सराव सुरू करा. शिष्यवृत्तीचे अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये भरतात, तोपर्यंत पाया तयार हवा.

आधी देश पक्का करा, कारण लिपी त्यावर ठरते. चीन आणि सिंगापूरमध्ये सोपी केलेली अक्षरं चालतात, तैवानात जुनी पारंपरिक. दोन्ही एकदम शिकायला जाऊ नका. चीनला जाणाऱ्यांनी एचएसके ही चिनी भाषेची परीक्षा धरावी, तैवानला जाणाऱ्यांनी तिथली तशीच टॉकफल. मी तैवानात शिकले, त्यामुळे पुढचं बरंचसं तिथलं आहे; उच्चारांचा भाग मात्र दोघांनाही लागू आहे.

कागदपत्रांचं काम दोन गोष्टींत आटपतं. पहिली, नाव. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा, आणि कधी वडिलांचं नाव गायबच. एका अक्षराचाही फरक असेल तर विद्यापीठाकडे अर्ज करण्याआधी तो निस्तरून घ्या. दुसरी, प्रमाणीकरण. एकाच सरकारी शिक्क्यावर कागद परदेशात चालावा म्हणून देशादेशांत अपोस्टील करार आहे; तैवान त्यात नाही. "अपोस्टील करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला तैवानसाठी एक रुपयाही देऊ नका. परराष्ट्र मंत्रालयाचं साधं प्रमाणीकरण लागतं आणि त्यावर तैपेई आर्थिक व सांस्कृतिक केंद्राचा, म्हणजे इथे तैवानच्या दूतावासाचं काम बघणाऱ्या कार्यालयाचा, शिक्का. हे केंद्र दिल्ली आणि चेन्नईत आहे, २०२४ पासून मुंबईतही आहे. आपला कागद नेमका कुठे द्यायचा ते आधी विचारून घ्या, मगच गाडीचं तिकीट काढा.

आता जीभ.

मी एका मोठ्या शहरातल्या वर्गात तीन महिन्यांची फी भरून शिकले. तिथे सगळं रोमन अक्षरांत होतं आणि सुरांबद्दल, म्हणजे शब्द म्हणतानाच्या चढउताराबद्दल, "ते तिकडे गेल्यावर आपोआप येतं" असं सांगितलं होतं. आपोआप काहीही येत नाही. तैवानात पहिल्याच आठवड्यात फळांच्या गाड्यावर मी केळी मागितली. यावल तालुक्यातल्या घरची मी, केळीच्या बागेत वाढलेली. 'श्यांग-च्याओ' हा शब्द मी सगळ्यात आधी पाठ केला होता. त्यातले दोन्ही भाग उंच, सपाट सुरात म्हणायचे असतात. मी पहिला भाग वरून खाली आपटला, आणि तसा आपटला की त्याचा अर्थ रबर होतो. केळी समोर होती म्हणून बोटाने काम भागलं. पण दवाखान्यात, बँकेत, फोनवर बोट दाखवता येत नाही. पुढचे चार महिने मी पहिल्यापासून सगळे उच्चार पुन्हा घोटले. ते चार महिने तुमचे वाचावेत म्हणून हा भाग सविस्तर लिहिते आहे.

पहिलं काम: रोमन अक्षरं इंग्रजीसारखी वाचणं बंद करा. चिनी उच्चार लिहायची जी रोमन पद्धत आहे, तिला पिनयिन म्हणतात. तिच्यातला 'बी' म्हणजे आपला ब नव्हे, तो प आहे. तिच्यातला 'पी' म्हणजे फ. 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ. 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. चिनीत फरक हवा असतो तो श्वासाचा, आणि तो फरक आपण पहिलीपासून क-ख, त-थ, प-फ असा गिरवलेला आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला तो कानाने शोधावा लागतो, आपल्याला फक्त वहीत देवनागरीत लिहावा लागतो. बीजिंग आणि तैपेई ही नावं बघा. एकात ब, दुसऱ्यात प. प्रत्यक्षात दोन्हीत तोच एक शब्द आहे, 'पेइ', म्हणजे उत्तर दिशा. पेइ-चिंग आणि थाय-पेइ. रोमन लिहिण्याच्या दोन वेगळ्या पद्धतींनी एका शब्दाचे दोन केले.

मराठीत तर आणखी एक सोय आहे जी हिंदीवाल्यांकडे नाही: आपले दोन च. चिमणीतला च आणि चुलीतला च वेगळे, हे तुमच्या जिभेला माहीत आहे. पिनयिनमधला 'जे' म्हणजे चिमणीचा च, 'झेड' म्हणजे चुलीचा च. माझ्या वर्गातल्या परदेशी मुली या दोन आवाजांवर महिनाभर अडल्या होत्या.

दोन ठिकाणी मात्र सावध. फ म्हणजे फळातला जुना फ, दोन्ही ओठ मिटून मग श्वास सोडायचा. आजकाल आपण 'फोन', 'फॅन' म्हणताना दात ओठावर टेकवतो, तो चिनीत वेगळा आवाज आहे. वर्तमानपत्राची बारीक पट्टी तोंडासमोर धरा: प म्हणताना ती हलायला नको, फ म्हणताना उडायला हवी. दुसरं म्हणजे ष. आपण पोटफोड्या ष लिहितो आणि उच्चारतो श. चिनीत ते दोन वेगळे आहेत, जीभ मागे वळवावीच लागते. तैवानात बरेच लोक हा ष बोलताना स कडे झुकवतात, त्यामुळे ऐकताना गोंधळ होतो. तुम्ही मात्र नीट शिका.

आता सूर. चार आहेत, आणि पाचवा म्हणजे हलका, जोर नसलेला. संगीत शिकलेलं असायची गरज नाही. 'हो' हा शब्द घ्या. शेताच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला ओ देताना आपण उंच, सपाट 'होऽऽ' म्हणतो, तो पहिला सूर. कोणी न पटणारं सांगितलं की "हो?" असा वर जातो, तो दुसरा. नाइलाजाने मान्य करताना घशातल्या घशात, खालच्या पट्टीत 'हो…' निघतो, तो तिसरा. आणि आई तिसऱ्यांदा हाक मारते तेव्हा चिडून "हो!" असं खाली आपटतो, तो चौथा. हे चार 'हो' एका दमात स्वच्छ म्हणता येईपर्यंत एकही चिनी शब्द घेऊ नका.

तिसऱ्या सुराने मला सगळ्यात जास्त छळलं, आणि चूक पुस्तकातल्या चित्राची होती. चित्रात तो खाली जाऊन वर येतो असं दाखवतात. तसा तो एकटा किंवा वाक्याच्या शेवटी असेल तरच येतो. एरवी, पुढे दुसरा शब्द असेल तर तो नुसता खाली राहतो. मी प्रत्येक वेळी वर आणायची आणि ऐकणाऱ्याला तो दुसरा सूर वाटायचा. म्हणून माझं ठाम सांगणं: तिसरा सूर 'खालचा सूर' म्हणूनच शिका. पेइ-चिंग म्हणताना 'पेइ' तळाशी आणि 'चिंग' उंच, मधे चढण नाही. अपवाद एकच. दोन तिसरे सूर शेजारी आले की त्यातला आधीचा बदलून दुसरा सूर होतो. 'नी हाओ' हा नमस्कार तसाच आहे, त्यातला 'नी' वर चढतो.

सुटे शब्द घोटू नका. वहीत चार गुणिले चार चौकटी आखा, प्रत्येक चौकटीत दोन सुरांची एक जोडी आणि तिचा एक शब्द. रोज सकाळी वीस मिनिटं, मोठ्याने. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी नको. त्याच दिवशी कान आपली बाजू घेतो. आकडेही सुरानेच पाठ करा. तैवानी बोलण्यात चार आणि दहा हे आकडे कित्येकदा फक्त सुराने वेगळे कळतात, चार खाली आपटतो, दहा वर जातो. भाडं ठरवताना हे उपयोगी पडतं.

तैवानला जाणाऱ्यांनी याच काळात तिथली ३७ खुणांची उच्चारलिपी शिकून घ्या, पंधरा दिवस पुरतात. तिचा क्रम पो-फो-मो आणि दात टेकवून म्हणायचा फो, मग तो-थो-नो-लो असा, आपल्या वर्णमालेसारखा उच्चाराच्या जागेप्रमाणे लावलेला आहे. मोबाइलचा कळफलक त्यावर ठेवलात की रोमन अक्षरांकडे परत जायची वेळच येत नाही.

अक्षरं रोज दहा, हाताने, रेघांच्या क्रमाने. एवढंच.

शाकाहारी असाल तर 'वो छ सू' हे वाक्य पक्कं करा, 'सू' चौथ्या सुरात. तैवानात शाकाहारी खानावळी भरपूर आहेत, पाटीवर पुष्कळदा स्वस्तिकासारखी खूण असते. त्यातल्या अनेक ठिकाणी कांदा-लसूणही नसतो.

सामानात घरचा काळा मसाला घ्या, नीट बंद केलेला. केळी, वांगी, कसलंही ताजं फळ-भाजी किंवा मांसाचा पदार्थ घेऊ नका. मांसाच्या पदार्थांना तैवानच्या विमानतळावर जबर दंड आहे. आईने मिक्सर घ्यायला सांगितला तरी घरीच ठेवा. तैवानात वीज ११० व्होल्टची आहे, आपला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे धड फिरत नाही. भरताचा ठेचा करायला छोटा खलबत्ता न्या, आणि तो हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत ठेवा.